मुतखडा, पित्त आणि चुकलेली पाळी : ‘मेन-१’ या आनुवंशिक आजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समजा, एका घरात काकांना दर दोन वर्षांनी मुतखडा होतो. आत्याचा अल्सर फुटून तिचं रात्रीत ऑपरेशन करावं लागलेलं आहे. पुतणीची पाळी वर्षभर बंद आहे. काका युरोलॉजिस्टकडे जातात, आत्या सर्जनकडे, पुतणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. तीन फायली कधी एका टेबलावर येत नाहीत. आल्या, तर ‘मेन-१’ची शंका निदान एखाद्याला तरी यावी. खालचे प्रश्न त्या फायली एकत्र आणण्यासाठी आहेत.

मेन-१ म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ‘मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया, प्रकार १’. अंतःस्रावी, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या, एकापेक्षा जास्त ग्रंथींत गाठी होण्याची जन्मजात प्रवृत्ती. मुख्य ठिकाणं तीन : मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, स्वादुपिंड आणि त्याला लागून असलेलं लहान आतड्याचं सुरुवातीचं टोक, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी.

पॉल वर्मर या डॉक्टरांनी १९५४ मध्ये हा आजार घराण्यातून उतरतो हे मांडलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘वर्मर सिंड्रोम’ असंही नाव सापडतं. दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. हे जनुक सापडलं १९९७ मध्ये, अमेरिकेत. त्या शोधनिबंधावरचं पहिलं नाव चंद्रशेखरप्पा असं आहे. जनुकापासून ‘मेनिन’ नावाचं प्रथिन बनतं आणि ते पेशींच्या वाढीला लगाम घालतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. मेन-१ असलेल्याची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. पुढे एखाद्या ग्रंथीतल्या पेशीत दुसरीही बिघडली, की तिथला लगाम सुटतो आणि गाठ वाढू लागते. म्हणूनच एकाच घरातल्या दोन भावांत आजार वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वयात उमटतो.

साधारण ३० हजारांत एकाला हा आजार असतो, असा अंदाज सांगितला जातो. स्त्री-पुरुषांत प्रमाण सारखंच.

पहिलं लक्षण बहुधा कोणतं असतं?

रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम. मेन-१ असलेल्या दहांतल्या नऊ जणांना पन्नाशीपर्यंत पॅराथायरॉइडचा त्रास होतो आणि त्याची सुरुवात बरेचदा विशीतच झालेली असते. मेन-१ नसलेल्यांत हाच त्रास सहसा पन्नाशीनंतर दिसतो. वयाचा हा फरक फार बोलका आहे.

पॅराथायरॉइड आणि थायरॉइड यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, सहसा चार ग्रंथी असतात. नाव आणि पत्ता सारखा, काम अगदी वेगळं : त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ‘माझी थायरॉइडची टेस्ट नॉर्मल आली’ म्हणून पॅराथायरॉइडबद्दल निश्चिंत होता येत नाही.

कॅल्शियम वाढलं तरी बरीच वर्षं काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा थकवा, बद्धकोष्ठता, सारखी तहान, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, हाडं दुखणं, विसरभोळेपणा, उदासपणा असं काहीही असतं. यातलं प्रत्येक लक्षण आपण कामाच्या ताणावर, वयावर किंवा सुनेवर ढकलून मोकळे होतो.

मला दोनदा मुतखडा झालाय. मलाही मेन-१ असेल का?

बहुधा नाही. मुतखडा होणाऱ्या बहुसंख्य लोकांना पॅराथायरॉइडचा आजार नसतो आणि पॅराथायरॉइडचा आजार असलेल्यांतही शंभरात मोजक्यांनाच मेन-१ असतो. उन्हाळा, घाम आणि कमी पाणी एवढी कारणं आपल्याकडे पुरेशी आहेत.

तरीही काही खडे वेगळे असतात. पंचविशीच्या आत झालेला, दोन्ही मूत्रपिंडांत असलेला, काढला तरी पुन्हा पुन्हा होणारा, किंवा ‘आमच्या घरातच आहे’ म्हणून सोडून दिलेला. अशा वेळी कुळथाचं कढण, पाषाणभेद किंवा पानफुटी घ्या न घ्या, पण एकदा रक्तातलं कॅल्शियम आणि सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन तपासून घ्या. कॅल्शियम वाढलेलं किंवा वरच्या मर्यादेला टेकलेलं असेल तर पुढची चाचणी पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइडचं हार्मोन. कॅल्शियम जास्त असताना पीटीएच खाली दबायला हवं. ते चढलेलं दिसलं, किंवा ‘नॉर्मल’ मर्यादेत पण अजिबात दबलेलं नसलं, तर ग्रंथी आपल्या मनाने चालल्या आहेत असा अर्थ. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला नाही म्हणून इथे फसायला होतं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती असली की कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं आणि आजार झाकला जातो. म्हणून डॉक्टर ड जीवनसत्त्वाची तपासणीही सांगतात.

कॅल्शियम वाढलंय म्हणजे दूध-दही बंद करायचं का?

नाही. हे कॅल्शियम ताटातून कमी आणि हाडांतून जास्त आलेलं असतं. दूध तोडलं तर हाडांचं आणखी नुकसान होऊ शकतं. पाणी भरपूर प्या. मात्र कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची मोठ्या मात्रेची सॅशे आणि रक्तदाबासाठी दिलेली काही लघवीची औषधं यांबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पित्त तर घरोघरी असतं. त्यात वेगळं काय ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. मराठी माणसाच्या ‘पित्ता’त डोकेदुखीपासून अंगावरच्या गांधीपर्यंत सगळं मावतं.

मेन-१ मध्ये गॅस्ट्रिन हे हार्मोन बनवणाऱ्या बारीक गाठी होऊ शकतात, बहुतेकदा लहान आतड्याच्या पहिल्या भागात आणि एकापेक्षा जास्त. गॅस्ट्रिन जठराला आम्ल बनवायला लावतं. झॉलिंजर आणि एलिसन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५५ मध्ये हा प्रकार सांगितला, म्हणून त्याला त्यांची नावं आहेत. आम्ल इतकं बनतं की अल्सर नेहमीच्या जागा सोडून आतड्यात पुढेही होतात, औषध थांबवताच परत येतात, कधी फुटतात, कधी रक्तस्राव होतो. आणि जुलाब होतात. पोटातली जळजळ आणि महिनोन्महिने पातळ शौच, दोन्ही एकत्र असतील तर साधं पित्त म्हणून सोडू नका. पित्ताची गोळी घेतल्यावर जुलाबही थांबतात, ही फार उपयोगी खूण आहे. पण पेशंट ती आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी पित्ताचा आणि जुलाबाचा काही संबंध नसतो.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्गातल्या गोळ्या आता इतक्या सहज मिळतात की हा आजार वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. या गोळ्यांनी गॅस्ट्रिनचा आकडाही वाढतो, त्यामुळे गोळ्या चालू असताना केलेली चाचणी गोंधळात टाकते. पण चाचणीसाठी म्हणून गोळी स्वतःहून बंद करण्याचा पराक्रम करू नका. खरोखर गॅस्ट्रिनची गाठ असेल तर काही दिवसांत अल्सर फुटू शकतो. गोळी कधी आणि कशी थांबवायची हे तज्ज्ञ ठरवतात, कधी रुग्णालयात ठेवून.

उपवासाला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे यात येतं का?

येऊ शकतं. स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ, इन्सुलिनोमा, मेन-१ असलेल्या दहांतल्या साधारण एकाला होते, आणि ती मुलांतही होऊ शकते. पोट रिकामं असताना साखर घसरते : घाम, थरथर, धडधड, वखवखल्यासारखी भूक. आणखी घसरली की माणूस असंबद्ध बोलतो, विचित्र वागतो, झटका येतो. पहाटे उठवल्यावर ओळखीच्या माणसाला न ओळखणं हाही याचाच प्रकार असू शकतो. काहींना फिटचं औषध सुरू होतं, काहींना मनोविकाराचं. घरच्यांनी देवर्षी गाठला तर आणखी काही महिने जातात.

डॉक्टर तीन गोष्टी जुळतात का पाहतात : अशी लक्षणं, त्याच क्षणी रक्तातली साखर कमी (साधारण ५५ मिलिग्रॅमच्या खाली), आणि साखर दिल्यावर लगेच बरं वाटणं. घरी ग्लुकोमीटर असेल तर आधी बोट टोचून आकडा लिहून ठेवा, मग गूळ-साखर द्या. मीटर शोधायला वेळ लागणार असेल तर साखर आधी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अशा माणसाने निर्जळी एकादशी करू नये हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण वजन वाढलं म्हणून उपवास सुरू केलेले लोक यात असतात. वजन वाढतं ते सारखं खाऊन साखर सावरत राहिल्यामुळे.

पाळी चुकण्याचा याच्याशी काय संबंध?

पिट्युटरीतल्या गाठीचा. मेन-१ मध्ये साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लोकांना ती होते आणि त्यात प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ सर्वांत जास्त. प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन. बाळंतपण नसताना ते वाढलं तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, स्तनांतून दूध येतं, दिवस राहत नाहीत. पाळीचा प्रत्येक घोळ ‘पीसीओडी’च्या खात्यात टाकण्याआधी प्रोलॅक्टिन तपासलेलं बरं.

मात्र प्रोलॅक्टिन वाढलं की लगेच गाठ समजू नका. गरोदरपण, थायरॉइड मंदावणं आणि काही औषधं यांनीही ते वाढतं. पित्त-मळमळीसाठी पँटोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन असलेली गोळी आपल्याकडे पाकिटात घेऊन फिरणारे लोक आहेत. ते डॉमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे सांगा, ‘साधी पित्ताची’सुद्धा.

पुरुषांत निदानाला उशीर होतो. लैंगिक इच्छा कमी होते, दाढीची वाढ मंदावते, पण हे सांगायला कुणी दवाखान्यात जात नाही. गाठ मोठी होऊन डोकं दुखू लागतं, किंवा दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं होऊन गाडी चालवताना शेजारून आलेली दुचाकी दिसत नाही, तेव्हा जातो.

वाढीचं हार्मोन बनवणारी गाठ थोड्यांना होते. तिची खूण हळू येते : चपलेचा नंबर वाढतो, लग्नातली अंगठी बोटात जात नाही, जबडा रुंद होतो. लग्नातला फोटो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवून पाहा.

त्वचेवर काही दिसतं का?

हो, आणि ते पाहायला कसलीही मशीन लागत नाही. नाकाभोवती, ओठांच्या कडेला बारीक, लालसर, मुरुमासारखे पण वर्षानुवर्षं न जाणारे उंचवटे. पाठीवर किंवा दंडावर कातडीच्या रंगाचे टणक फुगवटे. आणि चरबीच्या मऊ गाठी. एकेकटं काही असेल तर त्याला अर्थ नाही, चरबीच्या गाठी तर कितीतरी जणांना असतात. पण वर सांगितलेल्या त्रासांबरोबर हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

हा कॅन्सर आहे का?

पॅराथायरॉइड आणि पिट्युटरीच्या गाठी जवळजवळ नेहमी साध्या असतात. त्रास होतो तो हार्मोनचा किंवा दाबाचा. स्वादुपिंड आणि आतड्यातल्या गाठी मात्र पुढे पसरू शकतात, विशेषतः यकृतात. छातीत, थायमस ग्रंथीत होणारी गाठ क्वचित आढळते, पण ती आक्रमक असते आणि जास्त करून पुरुषांत, त्यातही धूम्रपान करणाऱ्यांत दिसते. मेन-१मुळे होणाऱ्या मृत्यूंमागे मुख्यतः हीच दोन ठिकाणं आहेत. यातल्या पुष्कळ गाठी हार्मोन सोडत नाहीत, म्हणजे लक्षणंही देत नाहीत. त्यांच्यासाठी स्कॅनच करावे लागतात. घरात मेन-१ असेल तर विडी-सिगारेट आजच सोडा.

निदान कशावरून पक्कं होतं?

तीन वाटा आहेत. तीन मुख्य ठिकाणांपैकी दोन ठिकाणी गाठी असणं. एका ठिकाणी गाठ आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला तरी मेन-१ असणं. किंवा लक्षण काहीच नसताना जनुकातला दोष सापडणं.

आमच्या घरात आधी कुणालाच नव्हतं. मग आनुवंशिक कसा?

दहांतल्या साधारण एका रुग्णात हा दोष नव्यानेच तयार झालेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. पण ‘नव्हतं’ म्हणण्याआधी नीट आठवा. आजोबांच्या पोटातला अल्सर, मावशीचं वारंवार हाड मोडणं, मूल न झालेले चुलत आजोबा. त्या काळी कोण कॅल्शियम तपासत होतं? आजार ‘एक पिढी सोडून’ येतो असं वाटतं, ते बहुधा मधल्या पिढीचं निदानच न झाल्यामुळे.

मामाच्या मुलीशी लग्न केल्याने हा होतो का, हेही विचारलं जातं. नाही. नात्यातल्या लग्नाने वाढणारे आजार वेगळे. त्यांत दोन्हीकडून दोष यावा लागतो. इथे एकाच पालकाकडून आलेली एक बिघडलेली प्रत पुरते. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता निम्मी, आणि दर वेळी नव्याने. पहिल्याला झाला म्हणून दुसरं वाचलं, असा हिशेब नसतो.

मुलांची तपासणी कधी करायची?

घरातला दोष माहीत असेल तर लहानपणीच, शक्यतो पाच वर्षांच्या आत जनुकीय चाचणी करण्याचा सल्ला बरेच तज्ज्ञ देतात, कारण क्वचित पाचव्या वर्षीही इन्सुलिन किंवा पिट्युटरीची गाठ आढळली आहे. मुलात दोष नसेल तर त्याची यातून कायमची सुटका. दरवर्षी सुई टोचायला नको. दोष असेल तर ठरावीक वयापासून दरवर्षी रक्त आणि काही वर्षांच्या अंतराने पोट, छाती, पिट्युटरी यांचे स्कॅन. स्कॅन आयुष्यभर करायचे असल्याने शक्य तिथे सीटीऐवजी एमआरआय घेतात, म्हणजे किरणांचा मारा कमी होतो.

जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली. सुटलो का?

तुमच्या नात्यातल्या रुग्णात सापडलेला नेमका दोष तुमच्यात नसेल, तर हो. पण रुग्णाची स्वतःचीच चाचणी निगेटिव्ह आली असेल तर नाही; काही घराण्यांत नेहमीच्या चाचणीत दोष हाती लागत नाही. अशा वेळी लक्षणांवरूनच पाठपुरावा ठेवतात.

मेन-२ हा याचाच पुढचा टप्पा का?

नाही, तो स्वतंत्र आजार आहे. जनुक वेगळं (‘रेट’), गाठी वेगळ्या : थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनलमधली फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ. तिच्यात अचानक रक्तदाब चढतो, डोकं ठणकतं, घाम सुटतो, छाती धडधडते. मेन-२ मध्ये मुलाची थायरॉइड कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येते आणि तसं करतात. मेन-१ मध्ये अशी आगाऊ काढून टाकण्याजोगी एक ग्रंथी नाही, म्हणून लक्ष ठेवत राहणं हाच मार्ग.

उपचार काय?

प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. आम्लासाठी गोळ्या कायम. इन्सुलिनोमा शस्त्रक्रियेने काढतात. हार्मोन न सोडणारी स्वादुपिंडातली गाठ साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा झपाट्याने वाढू लागली की शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पॅराथायरॉइडबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथली चूक महागात पडते. मेन-१ नसलेल्यांत सहसा एकच ग्रंथी बिघडलेली असते. ती काढली की काम झालं. मेन-१ मध्ये आज ना उद्या सगळ्याच बिघडतात. सर्जनला मेन-१ची कल्पनाच नसेल तर तो स्कॅनमध्ये दिसलेली एक गाठ काढतो, काही वर्षांनी कॅल्शियम पुन्हा चढतं आणि व्रणाने चिकटलेल्या मानेत दुसऱ्यांदा शिरावं लागतं. म्हणून यात बहुधा साडेतीन ग्रंथी काढतात आणि त्याच वेळी थायमसचा मानेतून निघेल तेवढा भागही. नंतर कॅल्शियम खाली घसरून ओठांना, बोटांना मुंग्या येऊ शकतात; त्यावर गोळ्या असतात. गॅस्ट्रिनचीही गाठ असेल तर या ऑपरेशननंतर आम्लाचा त्रासही काहीसा हलका होतो, कारण वाढलेलं कॅल्शियमच गॅस्ट्रिनला चेव आणत असतं.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं?

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. ‘ते शुगरचे डॉक्टर ना?’ हो, तेच. सगळ्या फायली एकत्र वाचणारा माणूस तोच. मुंबईत केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे आणि टाटा मेमोरियल सेंटरकडे आनुवंशिक कॅन्सरविषयी सल्ला मिळतो. पहिल्या भेटीला घराण्याचा एक साधा आराखडा कागदावर काढून न्या : कोण, कोणतं ऑपरेशन, कोणत्या वयात. जुन्या ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट सापडला तर सोन्याहून पिवळं.

लग्न ठरवताना सांगायचं का?

सांगावं, असं माझं मत आहे, आणि साखरपुड्याआधी. लपवलेली गोष्ट पहिल्या बाळंतपणाच्या तपासण्यांत बाहेर येते, तेव्हा ती आजारापेक्षा मोठी होते. मेन-१ असलेले लोक लग्न करतात, त्यांना मुलं होतात. मूल हवं असताना दोष पुढे जाऊ नये अशी इच्छा असेल तर टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूणाची आधीच तपासणी करता येते. त्याबद्दल जेनेटिक कौन्सेलरशी बोला.

आई म्हणते, ‘माझं वय झालं, आता मला कशाला टोचता?’

तिला सांगा की टोचायचं ते नातवंडांसाठी. आजार असलेल्या आईच्या रक्तात नेमका कोणता दोष आहे हे एकदा कळलं की तिची मुलं, नातवंडं, भाऊ, भाचे यांची चाचणी त्या एकाच जागी बघून होते. सोपी, स्वस्त आणि निःसंशय. तिची चाचणी न करता नातवाची केली आणि काही सापडलं नाही, तर त्या निगेटिव्हचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. आणि हो, रक्त काढतातच आहेत तर तिचंही कॅल्शियम बघा. गुडघे, बद्धकोष्ठता आणि ‘आजकाल काही लक्षात राहत नाही’ ही तक्रार ती किती वर्षं करते आहे?